विषाणूवरची साखर: अँटीबॉडी नेमकी कुठे अडते?

प्रश्न दुहेरी आहे. एचआयव्ही, फ्लू, कोरोना अशा विषाणूंच्या पृष्ठप्रथिनांवर साखरेचं आवरण असतं आणि त्यामुळे ते अँटीबॉडींना चकवतात, असं नेहमी वाचायला मिळतं. पण ए आणि बी हे रक्तगटही साखरेवरूनच ठरतात, आणि त्यांच्याविरुद्ध रक्तात अँटीबॉडी असतातच. मग विषाणूवरची साखर कशी खपून जाते? आणि ती काढून टाकून लस का बनवत नाहीत?

रक्तगटाची शंका अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवते. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी दोन्हींविरुद्ध अँटीबॉडी असतात, कारण त्याच्या स्वतःच्या पेशींवर त्या साखरा नसतात. ए गटाच्या माणसात ए-विरोधी अँटीबॉडी सापडणार नाही. म्हणजे साखर ओळखणं अँटीबॉडीला जमतं. मात्र स्वतःच्या अंगावर जी साखर आहे तिच्याशी घट्ट जुळणाऱ्या बी-पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) शरीर तयार होतानाच बाद करतं किंवा गप्प बसवतं. विषाणूवरची साखर याच खात्यात जमा होते, कारण ती विषाणूने बनवलेलीच नसते. काही महाकाय विषाणू सोडले तर बहुतेकांकडे शर्करांची साखळी जोडायची स्वतःची यंत्रणा नसते. ते काम तुमचीच पेशी करून देते, तुमच्याच कच्च्या मालातून आणि तुमच्याच पद्धतीने.

हे किती निर्णायक आहे ते उलट बाजूने पाहता येतं. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची एक शर्करारचना असते. माणूस, वानर आणि जुन्या जगातली माकडं ती बनवत नाहीत, त्यामुळे आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध भरपूर अँटीबॉडी फिरत असतात. काही रेट्रोव्हायरस (एचआयव्हीच्या कुळातले विषाणू) अशा प्राण्यांच्या पेशींत वाढवले, तर मानवी सीरममध्ये (रक्तातल्या पेशीविरहित द्रवात) ते पटकन निकामी होतात. तेच विषाणू माणसाच्या पेशींत वाढवले की तगतात. जनुकं तीच आणि प्रथिनंही तीच, बदलते ती फक्त साखर.

विषाणूच्या जनुकात लिहिलेला असतो तो साखर लावायचा पत्ता. अ‍ॅस्पॅराजिन, त्यानंतर प्रोलिन सोडून कोणतंही अमिनो आम्ल, आणि त्यानंतर सेरिन किंवा थ्रिओनिन, हा तीन आम्लांचा क्रम. प्रथिनाची साखळी आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्यात, शिरत असताना असा क्रम समोर आला, की तिथलं एन्झाइम १४ शर्करांची तयार फांदी त्या अ‍ॅस्पॅराजिनला एकदम जोडून टाकतं. त्या फांदीत ३ ग्लुकोज, ९ मॅनोज आणि बुडाशी २ एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसअमिन असतात. मग छाटणी सुरू होते. आधी ग्लुकोज निघतात, मग मॅनोज कमी होत जातात, आणि गॉल्जी संकुल या पेशीतल्या पुढच्या टप्प्यावर पोहोचल्यावर गॅलॅक्टोज, फ्युकोज, सियालिक आम्ल वगैरे चढवून फांदी पूर्ण होते. या तयार फांदीलाच आम्ही ग्लायकन म्हणतो.

विषाणूच्या बाजूने हा व्यवहार विलक्षण स्वस्त आहे. एका अमिनो आम्लाचं सरासरी वजन ११० डाल्टनच्या आसपास, तर एका ग्लायकनचं सुमारे २००० डाल्टन. जनुकातलं एक अक्षर बदलून पत्ता तयार झाला, तर एका ठिगळाएवढा प्रथिनाचा भाग एका फटक्यात झाकला जातो. अँटीबॉडीशी थेट जुळणारी आम्लं एकेक करून बदलत बसणं याहून जिकिरीचं, कारण त्यातली काही आम्लं प्रथिनाच्या कामासाठी आवश्यक असतात आणि त्यांना हात लावता येत नाही. ग्लायकन मात्र शेजारी उगवतो आणि मूळ जागा न बदलता झाकतो.

पण ही सोय सगळ्याच विषाणूंना नाही. ज्यांचं पृष्ठप्रथिन आंतर्द्रव्यजालिकेतून जातं त्यांनाच ती मिळते, म्हणजे मुख्यतः मेदाचं वेष्टन असलेल्या विषाणूंना. पोलिओच्या विषाणूचं कवच पेशीद्रवातच जुळतं आणि साखरेच्या कारखान्याशी त्याचा संबंधच येत नाही. त्यामुळे त्याच्यावर असं आवरण नसतं.

आता अडवणूक प्रत्यक्षात कशी होते ते पाहू. ‘कवच’ या शब्दामुळे डोळ्यांसमोर घट्ट चिलखत येतं आणि तिथेच समजुतीचा घोटाळा होतो. ग्लायकन बुडाशी प्रथिनाला जोडलेला असतो, पण वरची फांदी सतत डोलत असते. क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीच्या चित्रांत बहुधा बुडाच्या दोन-तीन शर्करा स्पष्ट दिसतात आणि बाकीचा भाग धूसर होऊन जातो, तो यामुळेच. छापील आकृत्यांत त्यामुळे प्रथिन असतं त्यापेक्षा बरंच उघडं वाटतं. चालू पंख्याकडे पाहा: कोणत्याही एका क्षणी पात्यांनी व्यापलेली जागा थोडीच असते, तरी मधून हात घालता येत नाही. ग्लायकनचंही तसंच आहे. रिसेप्टरवर, म्हणजे विषाणू पेशीवरच्या ज्या प्रथिनाला चिकटतो त्यावर, जाऊन बसणं ही विषाणूची गरज असते आणि तेवढी फट त्याने राखलेली असते. अँटीबॉडीचं टोक मात्र सुमारे ५ नॅनोमीटर रुंद असतं, आणि दोन-तीन नॅनोमीटर लांबीच्या डोलत्या फांद्यांमधून त्याला खालच्या प्रथिनापर्यंत पोहोचावं लागतं.

बरं, मग अँटीबॉडीने साखरेलाच का धरू नये? स्वकीयपणाचं कारण वर आलंच. त्याच्या जोडीला दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे साखरेशी होणारी पकड मुळात कमजोर असते. फांदी लवचीक असल्यामुळे तिला एका स्थितीत धरून ठेवायला ऊर्जेची किंमत मोजावी लागते. दुसरी अडचण प्रयोगशाळेबाहेर फारशी चर्चेत येत नाही: एकाच पत्त्यावर दर वेळी एकच ग्लायकन नसतो. एकाच विषाणूकणावरच्या दोन प्रथिनांतही त्याच जागी एकीकडे मॅनोजने भरलेली फांदी आणि दुसरीकडे सियालिक आम्ल लावलेली, असं आढळतं. छाटणी करणाऱ्या एन्झाइमांना किती वेळ मिळाला आणि शेजारी किती दाटी होती, यावर ते ठरतं. त्यामुळे अँटीबॉडीला नेम धरायला स्थिर लक्ष्यच मिळत नाही. साखरेला टी-पेशींची (बी-पेशींना चालना देणाऱ्या पेशींची) मदत मिळत नाही हे कारणही काही जण पुढे करतात. शुद्ध शर्करेच्या बाबतीत ते खरं आहे, पण इथे साखर प्रथिनालाच जोडलेली असल्यामुळे मी त्याला फारसं महत्त्व देत नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे एचआयव्ही. त्याच्या पृष्ठभागावरचं प्रथिन जीपी१२० आणि जीपी४१ या दोन भागांचं असतं आणि अशा तीन जोड्या मिळून एक काटा बनतो. एका जीपी१२० वर साधारण २५ ग्लायकन असतात, जीपी४१ वर ४ च्या आसपास, म्हणजे एका काट्यावर सुमारे ९०. जीपी१२० च्या वजनात जवळजवळ अर्धा वाटा साखरेचा असतो. १९९८ मध्ये जीपी१२० ची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याच्या एका अख्ख्या बाजूला ‘गप्प बाजू’ असं नाव मिळालं, कारण दाट साखरेमुळे तिथे कोणतीच अँटीबॉडी बसताना दिसत नव्हती. (पुढे त्या गप्प बाजूवर बसणाऱ्याही काही अँटीबॉडी सापडल्या, पण त्याला वीस वर्षं लागली.)

२००३ मध्ये रुग्णांमधले एकापाठोपाठ एक काळातले विषाणू आणि त्याच रुग्णांचं सीरम समोरासमोर ठेवून केलेलं काम प्रसिद्ध झालं. रुग्णाचं सीरम आधीच्या विषाणूला रोखत होतं, पण त्याच वेळी अंगात असलेल्या विषाणूला रोखत नव्हतं. विषाणू सतत एक पाऊल पुढे होता. त्याच्या प्रथिनात पाहिलं तर बरेचसे बदल साखरेच्या पत्त्यांत होते: इथला ग्लायकन गेला, तिथे नवा आला. ‘ग्लायकन शील्ड’ ही संज्ञा तेव्हापासून रूढ झाली. शील्ड म्हणजे ढाल, आणि हे ढालीचं वर्णन मला पटतं. ढाल हलवता येते, आणि ती एकाच वेळी सगळीकडे धरता येत नाही.

ही दुसरी बाब किती खरी आहे ते दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासातून कळलं. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांना झालेल्या संसर्गाच्या सुरुवातीच्या विषाणूत ३३२ व्या स्थानी ग्लायकन नव्हता, तो ३३४ व्या स्थानी होता. सुरुवातीच्या अँटीबॉडींचा दाब आल्यावर, साधारण सहा महिन्यांच्या आत, विषाणूने तो ३३४ वरून ३३२ वर सरकवला आणि सुटका करून घेतली. पण नेमका हा ३३२ चा ग्लायकन धरणाऱ्या अँटीबॉडी पुढे त्याच स्त्रियांमध्ये तयार झाल्या, आणि त्या जगभरातल्या कितीतरी एचआयव्ही वाणांना रोखणाऱ्या निघाल्या. पहिल्या हल्ल्यातून सुटायला विषाणूने जी साखर हलवली, तीच पुढच्या अँटीबॉडीची मूठ बनली. एचआयव्हीवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा, हे उदाहरण तो हमखास सांगेल.

दाटीचाही विषाणूला असाच एक तोटा होतो. फांद्या अगदी शेजारी शेजारी असल्या की छाटणी करणारी एन्झाइमं आत पोहोचू शकत नाहीत आणि मॅनोजने भरलेल्या अर्धवट फांद्या तशाच राहून जातात. आपल्या निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर मुख्यतः पूर्ण झालेल्या फांद्या असतात. मॅनोजचा असा दाट गठ्ठा तिथे सहसा दिसत नाही. म्हणजे एकेक फांदी स्वकीय, पण त्यांचा गठ्ठा परका. २जी१२ नावाची अँटीबॉडी बरोबर हा गठ्ठा ओळखते. तिची रचना २००३ मध्ये उलगडली तेव्हा आम्ही सगळेच चकित झालो. तिच्या दोन हातांमधले जड साखळीचे (अँटीबॉडीच्या दोन प्रकारच्या साखळ्यांतल्या मोठ्या साखळीचे) भाग एकमेकांत अदलाबदल झालेले आहेत, त्यामुळे दोन्ही हात जुळून एकच रुंद पृष्ठभाग बनतो आणि एकाच वेळी अनेक फांद्या पकडता येतात. कमजोर पकडीची अडचण संख्येने भरून काढायची ही युक्ती. अशी अँटीबॉडी शरीरात क्वचितच घडते.

इतर मार्गही आहेत. २००९ मध्ये पीजी९ आणि पीजी१६ या अँटीबॉडी सापडल्या. त्यांच्या जड साखळीतला एक वेटोळ्यासारखा भाग इतका लांब आहे की तो दोन ग्लायकनच्या मधून आत शिरून प्रथिनाला टेकतो आणि जाता जाता साखरेलाही धरतो. व्हीआरसी०१ ही अँटीबॉडी एचआयव्ही पेशीवरचा सीडी४ रिसेप्टर जिथे पकडतो त्या जागेवर बसते, पण तिथपर्यंत पोहोचायला तिला २७६ व्या स्थानच्या ग्लायकनला वळसा घालावा लागतो. यासाठी तिच्या जनुकात प्रचंड बदल साचलेले असतात. म्हणूनच अशा अँटीबॉडी संसर्गानंतर काही वर्षांनी आणि सगळ्यांमध्ये नव्हे, थोड्याच लोकांमध्ये तयार होतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण विषाणू पेशींच्या जनुकसंचात घुसून बसलेला असतो.

मग विषाणू अंगावर आणखी साखर का चढवत नाही? कारण प्रत्येक ग्लायकनचं काही ना काही मोल द्यावं लागतं. चुकीच्या जागी लागला तर प्रथिनाची घडी बिघडते, रिसेप्टरजवळ लागला तर विषाणूचीच पकड सैल होते. शिवाय शरीरात साखर ओळखणारी जन्मजात प्रथिनं असतात. रक्तातलं मॅनोज बांधणारं लेक्टिन किंवा फुप्फुसातलं सर्फॅक्टंट प्रथिन डी, यांना मॅनोजच्या फांद्या हव्याच असतात. अँटीबॉडीपासून लपायला जास्त साखर घेतली की यांच्या तावडीत सापडण्याचा धोका वाढतो. एचआयव्हीच्या सी उपप्रकारात २००४ मध्ये असं दिसलं, की नव्या माणसात रुजणारा विषाणू जुन्या रुग्णातल्या विषाणूंच्या मानाने आटोपशीर आणि कमी साखरेचा असतो. नव्या शरीरात सुरुवातीला अँटीबॉडीच नसते, मग तिथे जड ढालीचं ओझं कशाला?

फ्लूमध्ये हा हिशेब आणखी उघडपणे मांडलेला दिसतो. साखरेने लपण्याचा थेट पुरावा आधी इथेच मिळाला. १९८४ मध्ये हाँगकाँग फ्लूच्या विषाणूवर मोनोक्लोनल (सगळ्या एकाच साच्याच्या) अँटीबॉडीचा दाब टाकून एक वाण निवडला गेला. त्याच्या हीमॅग्लुटिनिन या पृष्ठप्रथिनात ६३ व्या स्थानी अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी अ‍ॅस्पॅराजिन आलं होतं, म्हणजे नवा पत्ता. ट्युनिकामायसिन देऊन साखर लागूच दिली नाही, तर तेच प्रथिन पुन्हा त्या अँटीबॉडीला ओळखू येत होतं. इतका स्वच्छ प्रयोग क्वचित होतो.

एच३एन२ माणसांत आला १९६८ मध्ये. तेव्हा त्याच्या हीमॅग्लुटिनिनच्या डोक्यावर साखरेचे मोजकेच पत्ते होते. त्यानंतरच्या दशकांत ते दुपटीहून जास्त झाले. एच१एन१ ची गोष्ट वेगळी. १९१८ च्या साथीचा विषाणू आणि २००९ च्या साथीचा विषाणू या दोघांच्याही डोक्याचा माथा साखरेच्या बाबतीत जवळपास उघडा होता, आणि एकाविरुद्धची अँटीबॉडी दुसऱ्यालाही रोखते असं २०१० मध्ये दाखवलं गेलं. मधल्या काळातल्या हंगामी एच१एन१ वर ग्लायकन चढलेले असल्यामुळे त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी इथे चालत नव्हत्या. आणि २००९ चा तो उघडा विषाणूही फार दिवस उघडा राहिला नाही: २०१५-१६ च्या सुमारास पसरलेल्या ६बी.१ या गटात १६२ व्या स्थानी नवा पत्ता आला. नवा फ्लू माणसांत येतो तेव्हा त्याच्यावर साखर कमी असते आणि लोकांची प्रतिकारशक्ती वाढेल तशी ती चढत जाते, हा क्रम इतक्या वेळा दिसलाय की आता तो अपेक्षितच असतो.

लसीच्या दृष्टीने यातली सगळ्यात त्रासदायक घटना एच३एन२ चीच. २०१४ च्या हंगामापासून ३सी.२ए गट पसरला. त्यात १५८ व्या स्थानी अ‍ॅस्पॅराजिन आधीपासून होतंच; १६० व्या स्थानी लायसिनच्या जागी थ्रिओनिन आलं आणि पत्ता पूर्ण झाला. लसीसाठी निवडलेला वाणही हा ग्लायकन असलेलाच होता. पण फ्लूची लस मोठ्या प्रमाणावर कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, आणि अंड्यात हा ग्लायकन विषाणूला अडचणीचा ठरतो. वाढताना विषाणूने १६० वरचा बदल उलटवला आणि ग्लायकन गेला. त्यामुळे २०१६-१७ च्या हंगामात ज्यांना अंड्यातली लस मिळाली त्यांच्या अँटीबॉडी साखर नसलेल्या जागेवर नेम धरून बसल्या, आणि बाहेर फिरणाऱ्या विषाणूत ती जागा झाकलेली होती. कीटकांच्या पेशींत बनवलेल्या रिकॉम्बिनंट लसीत तो ग्लायकन शाबूत होता, आणि तिच्यातून मिळालेल्या अँटीबॉडी बाहेरच्या विषाणूला जास्त चांगल्या रोखत होत्या. ‘साखर काढून लस का बनवत नाहीत’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

कोरोनाबद्दल मात्र अतिशयोक्ती फार झाली. सार्स-कोव्ह-२ या कोरोना विषाणूच्या स्पाइक या पृष्ठप्रथिनावर एका साखळीत २२ पत्ते असतात, तिन्ही साखळ्यांचे मिळून ६६. आकडा मोठा वाटतो, पण स्पाइकही मोठं आहे, त्यामुळे एचआयव्हीच्या मानाने आवरण विरळ आहे. शिवाय एसीई२ या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटणारा नेमका भाग साखरेविना असतो. म्हणूनच पहिल्या लसींना इतकं यश मिळालं, आणि म्हणूनच ओमिक्रॉनने मुख्यतः आम्लं बदलून पळ काढला. काही ग्लायकन तर झाकण्यापेक्षा यंत्राचा भाग म्हणून काम करतात: १६५ आणि २३४ या स्थानांवरचे ग्लायकन रिसेप्टर पकडणारा भाग वर उचललेल्या स्थितीत टेकू देऊन ठेवतात. सोट्रोव्हिमॅब हे कोरोनावरचं औषध ज्या अँटीबॉडीवरून बनवलं ती २००३ च्या सार्सच्या रुग्णाकडून मिळाली होती, आणि तिच्या पकडीत ३४३ व्या स्थानचा ग्लायकनही येतो.

पण साखरेची वाट विषाणूने सोडलेली नाही. बीए.२.८६ या कोरोनाच्या उपप्रकारात ३५६ व्या स्थानी थ्रिओनिन आल्याने ३५४ वर नवा ग्लायकन लागला. २०२४ मध्ये पसरलेल्या केपी.३.१.१ ची तऱ्हा त्याहून मजेदार आहे. स्पाइकमध्ये ३० व्या स्थानापासून अ‍ॅस्पॅराजिन, सेरिन, फेनिलअलॅनिन, थ्रिओनिन असा क्रम होता. यात पत्ता बसत नव्हता, कारण अ‍ॅस्पॅराजिनपासून मोजलं तर तिसऱ्या जागी फेनिलअलॅनिन होतं. विषाणूने मधलं सेरिन वगळलं, थ्रिओनिन एक घर पुढे सरकलं आणि पत्ता तयार! आम्ल बदलून नव्हे, गाळून साखर मिळवली. नुसती बदललेल्या आम्लांची यादी वाचणाऱ्याच्या नजरेतून असं सहज निसटतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. लासा विषाणूच्या पृष्ठप्रथिनावर ११ पत्ते असतात आणि त्या रुग्णांत विषाणू रोखणाऱ्या अँटीबॉडी उशिरा आणि कमी येतात. हिपॅटायटिस सी च्या ई२ प्रथिनावरही ११ च्या आसपास ग्लायकन असतात आणि त्यातले काही सीडी८१ हा रिसेप्टर पकडायच्या जागेच्या भोवती उभे असतात. इबोलाची तऱ्हा वेगळी: त्याच्या प्रथिनाचा एक मोठा भाग सेरिन-थ्रिओनिनला जोडलेल्या ओ-ग्लायकननी भरलेला, म्यूसिनसारखा असतो. पेशीच्या आतल्या पिशवीत गेल्यावर कॅथेप्सिन नावाची एन्झाइमं हा भाग कापून टाकतात आणि मगच आतली रिसेप्टरची जागा उघडी होते. म्हणजे रक्तात असताना महत्त्वाचा भाग झाकलेला आणि अँटीबॉडी सहज पोहोचत नाही अशा जागी उघडा.

याउलट गोवर. त्याच्या एच प्रथिनावरही साखर आहे आणि ती बराच भाग झाकते, पण रिसेप्टर पकडायची बाजू उघडी राहते, आणि तिथे बदल करायची मुभा विषाणूला जवळपास नाही. १९६३ पासूनची लस आजही चालते यामागे हे एक मोठं कारण आहे. विषाणूवर साखर किती आहे हे मोजण्यापेक्षा ती कोणती जागा झाकते हे पाहावं, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असतो ते यामुळे.

आता साखर काढण्याबद्दल. सगळी साखर काढली तर बहुधा प्रथिनाची घडीच बसत नाही. आंतर्द्रव्यजालिकेत घडी तपासणारी कॅल्नेक्सिन आणि कॅल्रेटिक्युलिन ही प्रथिनं ग्लायकनवरच्या एका ग्लुकोजला धरूनच काम करतात. घडी बसल्यावर एन्झाइमने साखर कापली तरी एचआयव्हीचं प्रथिन बरेचदा गठ्ठे होऊन खाली बसतं. आणि समजा काढता आली, तरी लस खालच्या उघड्या पृष्ठभागाविरुद्ध अँटीबॉडी तयार करील, आणि खऱ्या विषाणूत तोच पृष्ठभाग झाकलेला असेल. फ्लूमध्ये अंड्याने न सांगता हेच करून ठेवलं होतं. एचआयव्हीच्या लसींतही ही अडचण येते. बीजी५०५ नावाच्या वाणापासून बनवलेला काटा प्रयोगांत खूप वापरला जातो. त्यात २४१ आणि २८९ या स्थानांवर ग्लायकन नाहीत, जे इतर बहुतेक वाणांत असतात. सशांना हा काटा टोचला की त्यांच्या अँटीबॉडी नेमक्या त्या भोकात शिरतात. बीजी५०५ रोखला जातो, इतर वाण नाही.

निवडून काढणं मात्र उपयोगी पडतं. फ्लूमध्ये प्रत्येक ग्लायकन बुडाच्या एकाच शर्करेपर्यंत छाटून पाहिलं गेलंय: घडी टिकते आणि झाकलेला भाग उघडा होतो. एचआयव्हीत विचार थोडा तिरका आहे. व्हीआरसी०१ सारखी अँटीबॉडी ज्या मूळ बी-पेशीतून घडते, तिला सुरुवातीला २७६ चा ग्लायकन आडवा येतो आणि ती विषाणूला धरूच शकत नाही. म्हणून ईओडी-जीटी८ नावाचा कण असा बनवला की त्यात तो ग्लायकन नाही आणि मूळ बी-पेशीला धरायला जागा आहे. आयएव्हीआय जी००१ या पहिल्या मानवी चाचणीत लस मिळालेल्या ३६ पैकी ३५ जणांत हव्या त्या जातीच्या बी-पेशी जाग्या झाल्या. हे निकाल २०२२ मध्ये आले. पण या पेशींची अँटीबॉडी अजून कच्ची असते. पुढच्या मात्रांतून तिला पायरीपायरीने खऱ्या विषाणूसारख्या रूपांकडे न्यायचं आणि शेवटी २७६ च्या ग्लायकनला वळसा घालायला शिकवायचं, अशी योजना आहे. साखर आधी काढायची ती पुढे परत आणण्यासाठीच.

तुम्ही स्वतः जनुकक्रम घेऊन बसणार असाल तर दोन-तीन सूचना. क्रमात पत्ता सापडला म्हणजे तिथे ग्लायकन लागलाच असं धरू नका. पत्ते रिकामेही राहतात, आणि प्रयोगशाळेत बनवलेल्या विरघळणाऱ्या प्रथिनांत तर जास्तच. खात्री मास स्पेक्ट्रोमेट्रीनेच (रेणूंचं वजन मोजण्याच्या तंत्राने) होते. पीएनजीएज एफ हे एन्झाइम वापरून ग्लायकन काढला की अ‍ॅस्पॅराजिनचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल होतं आणि वजन किंचित वाढतं. ही क्रिया ओ-१८ च्या जड पाण्यात केली तर आपोआप होणाऱ्या तशाच बदलापासून ती वेगळी ओळखता येते. प्रथिन कोणत्या पेशींत बनवलंय ते नेहमी पाहा: यीस्ट मॅनोजच्या लांबच लांब फांद्या लावतं, कीटकांच्या पेशी आखूड छाटतात, आणि मानवी पेशींनाही किफुनेन्सिन दिलं तर छाटणी थांबते. एखादी अँटीबॉडी साखरेवर अवलंबून आहे का हे तपासताना अ‍ॅस्पॅराजिन बदलून पाहा, आणि मग त्याच पत्त्यातलं सेरिन किंवा थ्रिओनिन बदलूनही पाहा. दोन्ही वेळा एकच निकाल आला तर तो साखरेचा परिणाम. नाहीतर तुम्ही त्या आम्लाचाच परिणाम मोजत असता.